धंद्याचे चालू खाते दुसऱ्या बँकेत हलवताना

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. बँक खात्याला आपल्याकडे अशी सोय नाही. बँक बदलली की खाते क्रमांक, आयएफएससी, चेकबुक, क्यूआर कोड सगळेच बदलते. त्यामुळे नवे खाते उघडणे हा या कामाचा लहान भाग. जुना क्रमांक जिथे जिथे नोंदलेला आहे तिथून तो शोधून काढून नवा बसवणे, यात खरा वेळ जातो.

काळजी येणाऱ्या पैशापेक्षा जाणाऱ्या पैशाची जास्त करा. गिऱ्हाइकाने सवयीने जुन्या खात्यात पैसे टाकले, तर ते उचलून नव्यात घेता येतात. पण जुन्या खात्यावर लागलेला हप्ता किंवा चेक परत गेला, तर दंड बसतो, सिबिल बिघडते आणि प्रकरण कोर्टातही जाऊ शकते.

यादी आधी, बँक नंतर

जुन्या खात्याचे मागच्या 12 महिन्यांचे स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घ्या. तीन महिन्यांचे पुरत नाही, कारण विम्याचा हप्ता, लॉकरचे भाडे, सॉफ्टवेअरचे नूतनीकरण वर्षातून एकदाच कापले जाते आणि नेमके तेच निसटते. विवरणाच्या रकान्यात 'नॅच', 'एसीएच', 'ईसीएस', 'एसआय' असे शब्द (ठरलेली रक्कम परस्पर कापण्याच्या सोयींची ही नावे) इंग्रजीत शोधले की आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा सापडतात. डेबिट कार्डावर चालणारी सबस्क्रिप्शन वेगळी पाहावी लागतात.

मग चेकबुकच्या अर्धुकांवरून तुम्ही दिलेले, पण अजून न वटलेले चेक लिहून काढा. जागामालकाकडे डिपॉझिटपोटी ठेवलेले, फायनान्स कंपनीला किंवा पुरवठादाराला हमी म्हणून दिलेले बिनतारखेचे चेक यात हमखास विसरले जातात.

चेक त्यावरच्या तारखेपासून 3 महिने चालतो. तुमचा शेवटचा पुढच्या तारखेचा चेक 10 ऑगस्टचा असेल, तर तो नोव्हेंबरपर्यंत कधीही क्लिअरिंगला येऊ शकतो. त्याआधी खाते बंद केले आणि चेक 'खाते बंद' असा शेरा घेऊन परतला, तर तोही परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1999 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून दोन्ही खाती निदान तीन-चार महिने सोबत चालवा. जुन्या खात्यात किमान शिल्लक अडकून राहते, त्यावर व्याजही नाही. हा खर्च मुकाट्याने सोसावा.

बँक निवडताना फक्त किमान शिल्लक आणि रोख भरण्याची फुकट मर्यादा पाहून भागत नाही. जीएसटीचे पोर्टल, राज्य सरकारचे कर-शुल्क भरण्याचे संकेतस्थळ ग्रास, पीएफ आणि ईएसआयसी या ठिकाणी नेटबँकिंगच्या यादीत ती बँक दिसते का, हे आधी उघडून पाहा. काही सहकारी बँका सगळीकडे नसतात. मग जीएसटीसाठी दर महिन्याला चलन काढून एनईएफटी किंवा आरटीजीएस करत बसावे लागते.

बँक बुडाली तर मिळणारा ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंतच आहे. प्रोप्रायटरी (एकाच मालकाच्या) फर्मचे चालू खाते आणि मालकाचे स्वतःचे बचत खाते एकाच बँकेत असेल, तर दोन्ही मिळून 5 लाख धरतात. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून 1,000 रुपयेच काढता येत होते. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत सुरुवातीला तेवढेही नाही. शक्य असेल तर घरचे आणि धंद्याचे पैसे वेगवेगळ्या बँकांत ठेवा.

खाते उघडताना

प्रोप्रायटरला स्वतःचे पॅन आणि आधार, शिवाय फर्मच्या नावाची दोन कागदपत्रे लागतात: शॉप अॅक्टची पावती किंवा परवाना (गुमास्ता), उद्यम (लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्र, जीएसटी प्रमाणपत्र यांपैकी. भागीदारीत फर्मचे पॅन, भागीदारी करारनामा आणि भागीदारांची केवायसी. कंपनीला संचालक मंडळाचा ठराव.

अडते ते नावात. पॅनवर एक स्पेलिंग, गुमास्त्यावर दुसरे, जीएसटीत 'अँड' आणि करारनाम्यात नुसते चिन्ह, असे असेल तर आधी ते जुळवून घ्या. आता एनईएफटी-आरटीजीएस करतानाही पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव दिसण्याची सोय आहे. नाव बिलाशी जुळले नाही की समोरचा हिशेबनीस पैसे थांबवतो.

बँकेचा माणूस जागा पाहायला येतो आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढतो. पाटी नसेल तर अहवाल 'निगेटिव्ह' जातो आणि कागद पूर्ण असूनही खाते अडकते.

दुसऱ्या बँकेत सीसी (कॅश क्रेडिट) किंवा ओडी (ओव्हरड्राफ्ट) असे धंद्याचे कर्ज असेल, तर ते आधीच सांगा. 2020 पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जदारांच्या चालू खात्यांवर बंधने घातली आहेत. लहान कर्जदाराला सहसा अडचण येत नाही, पण बँक तुमच्याकडून तसे लेखी लिहून मागते. लपवले तरी क्रेडिट अहवालात दिसतेच. सीसीच हलवायची असेल तर तो तारण आणि एनओसीचा वेगळा व्यवहार आहे, चालू खात्याच्या फॉर्ममध्ये तो उरकत नाही.

बदल कोणत्या क्रमाने

मार्चमध्ये हे काम काढू नका. इतर महिन्यांतही मुदती असतात: 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीचे विक्रीचे विवरण जीएसटीआर-1, 15 ला पीएफ-ईएसआयसी आणि मासिक विवरण भरणाऱ्यांना 20 ला जीएसटीआर-3बी, म्हणजे कर भरण्याचे विवरण. बदलाला 21 नंतरचा आठवडा बरा.

आधी नव्या खात्यातून 10 रुपये पाठवून पाहा, 10 रुपये मागवून पाहा. नेटबँकिंगमध्ये कोण व्यवहार तयार करणार आणि कोण मंजूर करणार, मर्यादा किती, हे तपासा. कामगारांचे पगार एकगठ्ठा पाठवत असाल, तर प्रत्येक बँकेच्या फाइलचा साचा वेगळा असतो आणि नव्या लाभार्थ्याला सुरुवातीला कमी मर्यादा मिळू शकते. पगाराच्या आदल्या दिवशी हे कळले तर उपयोग नाही. चेकने पैसे देणाऱ्यांनी पॉझिटिव्ह पेची, म्हणजे दिलेल्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवण्याच्या सोयीची, नोंदणी करून घ्यावी. ही सोय 50,000 आणि त्यावरच्या चेकना आहे. काही बँकांनी मोठ्या रकमांना ती सक्तीची केली आहे आणि नोंद नसलेला चेक परत जातो.

मग जीएसटी. पोर्टलवर नोंदणी दुरुस्तीतील नॉन-कोअर (किरकोळ बदलांच्या) विभागात बँक खात्यांचा टॅब आहे. तिथे नवे खाते वाढवा, जुने अजून काढू नका. अशी 10 खाती ठेवता येतात आणि अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. दोन-तीन दिवसांनी पडताळणीची स्थिती मात्र पाहा, ती फसली तर परतावा अडकतो. आयकराच्या पोर्टलवर नवे खाते पूर्वप्रमाणित (प्री-व्हॅलिडेट) करून परताव्यासाठी निवडा. उद्यमची दुरुस्ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. शुल्क मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नव्हे.

निर्यातदारांचे काम लांबते. आयईसीत (आयात-निर्यात क्रमांकाच्या नोंदीत) बँक बदला, नव्या शाखेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) प्रत्येक बंदरासाठी आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवा, ड्रॉबॅकचे, म्हणजे निर्यातीवरचा शुल्क परतावा जमा होणारे, खातेही बदला. जुन्या बँकेकडे ज्या शिपिंग बिलांचे (निर्यात मालाच्या कस्टम्सकडील कागदांचे) पैसे यायचे बाकी आहेत, ती मिटेपर्यंत किंवा नव्या बँकेकडे वर्ग होईपर्यंत जुने खाते बंद करू नका.

गिऱ्हाइकांना कळवताना एक अडचण ठरलेली: 'आमचे बँक खाते बदलले आहे' ही ईमेल म्हणजे फसवणुकीचा नेहमीचा प्रकार. त्यामुळे हिशेब विभाग शंका घेणारच, आणि घ्यायलाच हवी. लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र, सोबत छापील नावाचा रद्द केलेला चेक, आणि 'तुमच्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर फोन करून खात्री करा' ही ओळ घाला. मोठ्या कंपन्या आणि सरकारी कार्यालये व्हेंडरच्या नोंदीसाठी त्यांचा स्वतःचा फॉर्म, कधी बँकेचा शिक्का मागतात. त्यांना सगळ्यांत आधी कळवा. बिलाच्या साच्यात खाते बदला. टॅलीत जुन्या लेजरचे नाव न बदलता नवे लेजर उघडा, नाहीतर दोन्ही बँकांची जुळवणी बिघडते.

काउंटरवरचा क्यूआर, साउंडबॉक्स आणि कार्ड मशीन जुन्या बँकेचे असेल तर ते परत द्यावे लागते. पेमेंट अॅपचे असेल तर अॅपमध्ये फक्त जमा होणारे खाते बदलते, स्टिकर तसाच राहतो. ऑनलाइन विक्रीच्या मंचावर खाते बदलले की पडताळणीपर्यंत पैसे थांबू शकतात, तेवढी रोकड हाताशी ठेवा.

हप्ते सगळ्यांत शेवटी. नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला तुम्ही दिलेली परवानगी, एका बँकेतून दुसरीत जात नाही. कर्ज देणाऱ्याकडे नव्या खात्याचे मँडेट द्यावे लागते आणि ते नोंदले जाईपर्यंत हप्ता जुन्याच खात्यातून जातो. 'मँडेट दिले' म्हणजे 'लागू झाले' नव्हे. नव्या खात्यातून एक हप्ता प्रत्यक्ष कापला जाईपर्यंत दोन्हीकडे रक्कम ठेवा. पैसे नसल्याने मँडेट परतले तर चेकसारखीच फौजदारी तरतूद 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम 25 मध्ये आहे.

बंद करताना

जुन्या खात्यावर सलग महिनाभर एकही जमा-नावे दिसली नाही, हमीचे चेक परत मिळाले, की अर्ज द्या. नेटबँकिंग बंद होण्याआधी सगळ्या वर्षांची स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवा. जीएसटीत नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, आणि बंद खात्याचे स्टेटमेंट मिळवायला शाखेत खेटे घालावे लागतात. उरलेले कोरे चेक आणि कार्ड परत करा. खात्याला जोडलेली एफडी, लॉकर, बँक गॅरंटीचे मार्जिन आधी मोकळे करा. अर्जावर खात्याच्या अधिकारानुसार सह्या हव्यात. भागीदारीत बहुतेक बँका सगळ्या भागीदारांच्या मागतात. शिल्लक नव्या खात्यात वळवायला सांगा आणि खाते बंद झाल्याचे पत्र घेऊनच निघा. जीएसटी पोर्टलवरून जुने खाते काढायचे ते त्या खात्यावर मागितलेला परतावा जमा झाल्यावर.