सॅडल तळाला टेकलं तरी तारा उंचच? नेकखाली पाचर घाला

फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टर घराण्यातल्या इलेक्ट्रिक गिटारींचं हे दुखणं नेहमीचं. तारा खाली आणायच्या म्हणून सॅडलचे, म्हणजे ब्रिजवर तारेला आधार देणाऱ्या छोट्या बैठकीचे, स्क्रू फिरवत जावं, तर सॅडल ब्रिजच्या पत्र्यावर टेकतं आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून, लांबच्या लांबच. मग काहीजण ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, आवळत सुटतात. तसं करू नका. रॉडचं काम नेकचा बाक सांभाळायचं. इथे गंडलेला असतो नेकचा बॉडीशी असलेला कोन.

गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीलाही हे चुकलेलं नाही. त्यांच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारवर कोन इतका कमी होता की तारा ब्रिजच्या दांड्याखालून न्याव्या लागत, आणि तळहात टेकवून आवाज दाबायची सोयच उरत नसे. पुढच्या वर्षी त्यांनी कोन वाढवला. लेस पॉलचा नेक चिकटवलेला, तिथे आपलं काही चालत नाही. फेंडरचा मात्र चार स्क्रूंवर बसतो.

आधी मोजून घ्या. गिटार सुरात लावा, पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबा, आठव्या फ्रेटवर तारेखाली साधारण ०.२५ मिमी फट हवी. ती नसेल तर आधी रॉड. मग सतराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा, १.६ मिमीच्या आसपास असली की बहुतेक हातांना चालते. सॅडल पार खाली नेऊनही इथवर येत नसाल, तरच पाचर.

किती जाड? बॉडीत नेक बसतो त्या खाचेची लांबी सुमारे ७५ मिमी, आणि खाचेच्या तोंडापासून ब्रिज सुमारे २५५ मिमीवर. म्हणजे पाचरीची जाडी ब्रिजपाशी तिप्पट-साडेतिप्पट होऊन पोचते. पाव मिलिमीटरचं व्हिजिटिंग कार्ड घातलंत, की सॅडल पाऊण मिलिमीटरहून जास्त वर घ्यायला जागा मिळते. अधाशीपणाने तीन कार्डं घालू नका.

तारा सैल करा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा म्हणजे त्या खुंट्यांवरून सुटत नाहीत. गिटार उशीवर पालथी ठेवून चारही स्क्रू काढा. खाचेत रंगाचा गठ्ठा किंवा जुनी पाचर आहे का बघा. साठच्या दशकातल्या कारखान्यातून आलेल्या फेंडरांतही ती सापडते. कार्डाची पट्टी खाचेच्या ब्रिजकडच्या कडेला ठेवा. मी पहिल्यांदा ती खुंट्यांकडच्या कडेला ठेवली होती, आणि सगळं आवळून तारा चढवल्यावर पाहतो तर त्या आणखीच उंच! सॅडल फार वर गेलेले असतील आणि स्क्रूंची टोकं तळहाताला टोचत असतील, तर मात्र हीच उलटी जागा बरोबर.

स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे-थोडे आवळा, मग सॅडल बसवा. अमेरिकन फेंडरला ०.०५० इंची अ‍ॅलन की लागते, आशियाई गिटारींना बहुधा १.५ मिमीची, चुकीची घुसवलीत तर स्क्रूचं डोकं गेलंच.

उंची कुठे थांबवायची हे उजव्या हाताला विचारा. मला ब्रिज थोडा खालीच आवडतो, मनगट बॉडीला टेकलेलं राहतं. बोटांनी तारा छेडणाऱ्यांना खाली जागा लागते, ते वर ठेवतात.

ब्रिज हलला म्हणजे पिकअपची (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या भागाची) उंची आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर पुन्हा जुळवायचा. आठवडाभर वाजवून कोन पसंत पडला, की कार्ड काढून तेवढ्याच उताराची, खाचभर लांबीची लाकडी पाचर घाला. कार्डामागे पोकळी राहते, हिच्यामागे राहत नाही.