टेराफॉर्मने पहिलं क्लाउड नेटवर्क: घोडं अडतं ते राउट टेबलपाशी

टेराफॉर्म (क्लाउडवरच्या गोष्टी फाइलीत लिहून उभ्या करणारं साधन) बसवलंय, एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) खातं आहे, खात्याच्या ॲक्सेस की टाकून झाल्यात, असं धरून चालतो. कन्सोलवर (एडब्ल्यूएसच्या वेबपानावर) क्लिक करत व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क, बनवायला शिकवणारे व्हिडिओ बंद करा. महिन्याभराने तेच नेटवर्क पुन्हा उभं करायची वेळ आली की कुठे काय टिक केलं होतं ते कुणालाही आठवत नाही.

रीजन, म्हणजे एडब्ल्यूएसच्या डेटा सेंटरांचा भाग, मुंबईच घ्या. नांदेडकरांना हैदराबाद जवळ पडतं, पण ते रीजन खात्यात आधी चालू करून घ्यावं लागतं. शिकताना ती भानगड नको.

व्हीपीसीला १०.०.०.०/१६ आणि सबनेटला, म्हणजे तिच्या आतल्या तुकड्याला, १०.०.१.०/२४ द्या. सबनेटच्या २५६ पत्त्यांतले ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं. इंटरनेट गेटवे, म्हणजे बाहेर इंटरनेटकडे उघडणारं दार, चार ओळींत होतो.

आता राउट टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठल्या वाटेने जायचं याची यादी. लातूर-नांदेडकडच्या मुलांचे फोन येतात ते इथूनच: "सर, अप्लाय झालं, एरर एकही नाही, पण एसएसएच लागतच नाही." म्हणजे फाइलीतलं सगळं उभं राहिलं, पण सर्व्हरमध्ये दुरून शिरता येत नाही. फाइल मागवली की राउट टेबल असतं, ०.०.०.०/० ची, म्हणजे बाहेरच्या सगळ्या पत्त्यांची, वाट गेटवेकडे नेलेलीही असते. नसतं ते असोसिएशन. सबनेट त्या टेबलला बांधणारा तो वेगळा रिसोर्स, म्हणजे फाइलीतला स्वतंत्र ब्लॉक, आहे. तो लिहिला नाही तर सबनेट गुपचूप व्हीपीसीच्या मेन राउट टेबलकडे जातं, आणि त्यात फक्त आतल्या आत फिरणारी लोकल वाट असते. जायकवाडीचा कालवा गावापर्यंत आला, पण शेतात चारीच काढली नाही, तसा प्रकार. टेराफॉर्म ओरडत नाही, कारण त्याच्या लेखी काहीच चुकलेलं नसतं.

म्हणून टेबल, वाट आणि असोसिएशन हे तिन्ही एकाखाली एक लिहा. वाटा टेबलच्या ब्लॉकमध्ये लिहा किंवा वेगळ्या राउट रिसोर्समध्ये. दोन्हीकडे कधीच नको. दोन्ही ठेवले की एक दुसऱ्याचं पुसतं आणि दर प्लॅनला (काय बदलणार ते आधी दाखवणारी आज्ञा) बदल दिसत राहतात. नेटवरचे कितीतरी नमुने हीच खिचडी करतात.

वाट बरोबर असूनही टाइम आउट येत असेल तर सर्व्हरला पब्लिक आयपी मिळालाय का आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरची ये-जा ठरवणारे नियम) एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट उघडलंय का, ते बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर नेटवर्कच्या मागे लागू नका. तुम्ही बहुधा सर्व्हरपर्यंत पोचलाय, तिथे सेवाच चालू नाही. पोर्ट फक्त स्वतःच्या आयपीला, /३२ (म्हणजे तो एकच पत्ता) लावून उघडा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा आयपी बदलत राहतो, तेव्हा तो व्हेरिएबलमध्ये ठेवा. आणखी एक: सिक्युरिटी ग्रुपचा बाहेर जाणारा नियम एडब्ल्यूएस आपणहून देतं, टेराफॉर्म तो काढून टाकतं. तो हाताने लिहिला नाही तर पॅकेज उतरवताना सर्व्हर नुसता ताटकळत बसतो.

आज्ञांचा क्रम: इनिट (तयारी), प्लॅन, अप्लाय. प्लॅन वाचल्याशिवाय 'येस' टाइप करू नका. अप्लाय चालू असताना लाइट गेली तर लगेच पुन्हा अप्लाय मारू नका. आधी प्लॅन बघा, कन्सोलशी ताडा. एखादी वस्तू तिकडे तयार होऊन स्टेटमध्ये (काय काय उभं केलं याची टेराफॉर्मची नोंदवही) नोंदायची राहिलेली असू शकते. स्टेट फाइल गिटमध्ये टाकू नका, तिच्यात पासवर्ड उघडे पडलेले असू शकतात.

नॅट गेटवे (पब्लिक आयपी नसलेल्या सर्व्हरला बाहेर जाऊ देणारा) शिकताना लावूच नका, तो वापरात नसला तरी तासाचं बिल चढतं. फेब्रुवारी २०२४पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाने पैसे लागतात. सराव संपला की डिस्ट्रॉय (उभं केलेलं सगळं पाडणारी आज्ञा) चालवा आणि कन्सोलमध्ये रीजन मुंबई ठेवून काही उरलंय का ते बघा.