सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या लहान मुलाचा व्यायाम घरी कसा घ्यायचा

फिजिओकडे आठवड्यातले दोन-तीन तास जातात, बाकी सगळा वेळ मूल आपल्याकडेच असतं. म्हणून खरी थेरपी उचलण्यात, कपडे बदलण्यात, खेळण्यात होते. सुरुवातीला मला वाटायचं व्यायाम म्हणजे पाय धरून वीस वेळा वर-खाली करायचे, माझा मुलगा रडायचा, मग मीपण रडायचे आणि फरक काहीच नाही, कारण हलवत मी होते, तो नाही. सेरेब्रल पाल्सीत दुखापत मेंदूला झालेली असते, आणि मेंदू शिकतो ते मूल स्वतः धडपडतं तेव्हा.

आणि पक्कं निदान होईपर्यंत थांबू नका. तीन-चार महिन्यांचं होऊनही मान धरत नाही, नऊ महिन्यांचं झालं तरी बसत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतंय असं दिसलं तर लगेच दाखवा (बाळ लवकर जन्मलं असेल तर वय जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजायचं).

उचलताना सरळ काखेत धरून वर घेऊ नका, त्याने अंग ताठ होतं आणि पाय कात्रीसारखे अडकतात. आधी कुशीवर वळवा, गुडघे पोटाकडे दुमडा, मग उचला. कडेवर घेताना त्याचे पाय आपल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना आले पाहिजेत, आणि कड बदलत राहायचं, नाहीतर मान एकाच बाजूला वळायची सवय लागते. डायपर बदलताना पाय ओढून फाकवू नका, गुडघे वाकवून हळूहळू उघडा.

पालथं झोपवणं बहुतेक मुलांना आवडत नाही. छातीखाली टॉवेलची गुंडाळी, कोपर खांद्यांच्या थोडे पुढे, समोर तुमचं तोंड, एकावेळी दोन-तीन मिनिटं पण दिवसातून बरेचदा, आणि दूध पाजल्या पाजल्या नको. फारच रडत असेल तर तुम्ही रेलून बसा आणि त्याला तुमच्या छातीवर पालथं घ्या, तेही चालतं.

बसवताना तळवे जमिनीला टेकतील असं बुटकं स्टूल बघा. आधार कमरेला द्या, खांद्याला नाही, खांदे आपण धरले की धड सावरायचं काम मूल करतच नाही. मग खेळणं हाताच्या जरासं पलीकडे ठेवा आणि थांबा. हे थांबणंच सगळ्यात अवघड आहे बरं का! आपला हात आपोआप पुढे जातो, पण या मुलांना हालचाल सुरू करायलाच वेळ लागतो, मनात दहापर्यंत मोजा आणि मगच मदत करा, तीसुद्धा अर्धीच.

एक बाजू कमजोर असेल तर मोठा बॉल, झाकणाचा डबा अशी दोन्ही हात लागतील अशी खेळणी द्या. चांगला हात बांधून ठेवायचा प्रकार थेरपिस्टला विचारल्याशिवाय नको.

चाकांचा वॉकर आणू नका, कोणी भेट दिला तरी. मूल चवड्यांवर ढकलत राहतं आणि पडायची भीती वेगळीच, कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदी आहे. उभं राहायला थेरपिस्टने मापाने दिलेली स्टँडिंग फ्रेम (मुलाला आधार देऊन उभं धरणारी चौकट) वेगळी, ती वापरा. स्प्लिंट (हात किंवा पाय नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) दिली असेल तर ती काढल्यावर कातडीवरचा लालपणा अर्ध्या तासात गेला नाही तर ती टोचतेय, दुरुस्त करून घ्या.

खुब्याचं मात्र कोणी आपणहून सांगत नाही. सीपीच्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळतही नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांना धोका जास्त. तेव्हा खुब्याचा एक्स-रे कधी आणि किती दिवसांनी काढायचा ते तुम्हीच विचारा.

आणि मूल आधी करत असलेली गोष्ट विसरायला लागलं, बसत होतं ते बसेना झालं, तर व्यायाम कमी पडला असं समजू नका. सीपीतली मेंदूची दुखापत वाढत जात नाही, त्यामुळे अशा वेळी काहीतरी वेगळं असू शकतं, थेट डॉक्टरांकडे न्या.