जुनी अरबी कर्जखतं वाचताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती सात-नऊची गफलत. इजिप्तमध्ये सापडलेल्या सुरुवातीच्या हिजरी शतकांतल्या पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदावर) कातिब, म्हणजे लेखनिक, नुक्ते (अक्षरांचे ठिपके) क्वचितच देतात. 'सबआ' (सात) म्हणजे आधी 'सीन' या अक्षराचे तीन दाते (छोट्या उभ्या रेघा), मग 'बे' या अक्षराचा एक. 'तिसआ' (नऊ) म्हणजे आधी 'ते' या अक्षराचा एक, मग सीनचे तीन. नुक्ते नसले की दोन्हीकडे चार दाते आणि पुढे 'ऐन' हे अक्षर. सत्तर-नव्वदचीही तीच गत. घाईत सत्तावन्न सालचं एकोणसाठ वाचलं, की फेडीची मुदत कर्जाच्या आधीच संपते आणि खापर फुटतं कातिबावर! लिहिण्यावरच त्याचं पोट होतं. सात कुठले, नऊ कुठले हे त्याला कळत होतं.

आधी त्याच हाताचा 'सना' (वर्ष) शोधा. तिथे सीननंतर 'नून' हे एका दात्याचं अक्षर, म्हणजे साताचाच क्रम. मग अगदी वरचा, 'बिस्मिल्लाह'मधला 'बिस्म' पाहा. तिथे बेनंतर सीन, नवाचा क्रम. फक्त तो बे बऱ्याचदा मुद्दाम ताणलेला असतो. नंतरच्या अनेक दस्तांत आकड्यात फेरफार होऊ नये म्हणून निम्मी रक्कमही लिहिलेली असते. निम्मे साडेतीन तर सात, साडेचार तर नऊ. यातलं काहीच हाती लागलं नाही तर दोन्ही पाठ नोंदवा. 'संदर्भावरून सातच वाटतात' हे वाचन नव्हे.

नुक्ते दिसले म्हणून दस्त नंतरचा ठरवू नका. हिजरी २२ मधल्या (इ. स. ६४३) ६५ मेंढ्यांच्या पावतीवरही ते आहेत.

'जिक्र हक्क' या शब्दांनी मराठी कान फसतो. इथे अर्थ साधा: अमक्याचं तमक्यावरचं येणं. पहिलं नाव धनकोचं, 'अला' (वर) या शब्दानंतरचं ऋणकोचं. आपल्या खतांतही 'लिहून घेणार' (धनको) आधी येतो, त्यामुळे मराठी वाचकाने इथे उलटं वाचायला खरं तर निमित्तच नाही.

हिजरी सालात ६२२ मिळवून मोकळं होऊ नका. हिजरी २५० म्हणजे ८७२ नव्हे. ते वर्ष ८६४ च्या फेब्रुवारीत सुरू होतं. चांद्रवर्ष साधारण अकरा दिवसांनी आखूड असतं.

पाठीमागचा मजकूर वेगळ्याच व्यवहाराचा असू शकतो. पपायरस पुन्हा वापरला जाई.

शेवटची साक्षीदारांची नावं सोडून देणारे तर फारच. कुराणातली आज्ञा (२:२८२) मुदतीचं कर्ज लिहून ठेवायला सांगते: मजकूर ऋणकोने सांगायचा, साक्षीला दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन स्त्रिया. पण बहुतेक फकीहांच्या (इस्लामी कायदेपंडितांच्या) लेखी पुरावा म्हणजे साक्षीदाराची तोंडी ग्वाही, कागद आठवणीपुरता. सुरुवातीच्या दस्तांत बऱ्याचदा सगळी नावं कातिबच लिहितो, म्हणून एकच हस्ताक्षर दिसलं की 'बनावट' असा शेरा मारू नका.