शाळेचे सिमेंटचे पत्रे काढताना

खान्देशात शाळांची पत्रे-दुरुस्ती मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी उरकतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस, म्हणजे बारीक धाग्यांचं खनिज, असतं. धड पत्रा फारसा त्रास देत नाही. तो फोडला, कापला, भोकं पाडली की धागे उडतात, डोळ्यांना न दिसता फुफ्फुसात बसतात. कोरड्या उन्हात तर धूळ लवकर खाली बसतच नाही.

म्हणून पोरं सुट्टीवर असतानाच काम काढा. पाच लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण टाकून फवारणी पंपानं पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवा, वाळला की पुन्हा. गंजलेला जे-हुक (पत्रा धरून ठेवणारा वाकडा बोल्ट) ग्राइंडरनं नको, बोल्ट कटरनं तोडा. पत्रा अख्खा उतरवा, वरून फेकू नका. त्यावर पायही देऊ नका, तो अचानक मोडतो. पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आधाराच्या दांड्यांवर, आडवी फळी टाका. तोंडाला उपरणं पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क हवा.

खालची धूळ झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. तुकडे, फडकी, मास्क जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधा. तुटके पत्रे गोठ्यावर टाकायला कुणी मागितले, तरी देऊ नका. विल्हेवाटीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात आधीच विचारा.