सुजलेला अंगठा आणि सोनोग्राफीचा प्रोब
पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी रात्रीतून सूज, चादरसुद्धा टेकवत नाही. असा गाउटच्या (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात) संशयाचा पेशंट आला की मी एक्स-रेवर फार विसंबत नाही. पहिल्या अटॅकला त्यात बहुधा सूजच दिसते. हाडात कुरतडल्यासारखे खड्डे पडायला वर्षं जातात.

सोनोग्राफीचा हाय फ्रिक्वेन्सीचा लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब घ्या, जेल सढळ हाताने लावा, आणि दाबू नका. (मी शिकताना दाबला होता. आजोबांनी दिलेली शिवी अजून आठवते.) कूर्चेच्या (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराच्या) वरच्या पृष्ठभागावर, हाडाला समांतर दुसरी पांढरी रेघ दिसली तर युरेटचा (युरिक ॲसिडच्या स्फटिकांचा) संशय घ्या. आता प्रोब जरा तिरका करा: नुसती चकाकी असेल तर विरते, स्फटिकांची रेघ टिकते. ठिपके कूर्चेच्या आत असतील तर कॅल्शियम पायरोफॉस्फेटचा, म्हणजे गाउटसारखाच त्रास देणाऱ्या दुसऱ्या स्फटिकांचा, संशय घ्या. मग गुडघे, मनगटंही बघा.

ड्युअल एनर्जी सीटीत (दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या एक्स-रेने केलेल्या स्कॅनमध्ये) युरेट बहुधा हिरवं रंगवतात, पण नखांजवळच्या हिरव्याला भुलू नका, ते बहुधा फसवं असतं.

अटॅकमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. दोन आठवड्यांनी पुन्हा करा. ताप असेल तर आधी सांध्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीला) पाठवा. स्फटिक सापडले तरी पाठवा, कारण जंतुसंसर्ग सोबत असू शकतो.