नेटवर्कवरचं फोल्डर आपोआप माउंट करताना या चुका टाळा

दहा-वीस लिनक्स मशिनना एकाच एनएफएस सर्व्हरचं (नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणाऱ्या मशिनचं) फोल्डर हवं असलं की बहुतेक जण पहिल्या मशिनच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय काय माउंट करायचं, म्हणजे कोणत्या डिरेक्टरीवर जोडायचं, त्या यादीच्या फाइलमध्ये) एक ओळ लिहितात आणि ती चालली की सगळीकडे चिकटवतात. सर्व्हर चालू असेपर्यंत त्यात काहीच चुकत नाही. तो बंद असताना एखादं मशिन रीस्टार्ट झालं की खरा घोळ सुरू होतो.

मशिन थोडा वेळ थांबतं आणि माउंट न करताच पुढे जातं. पण ज्या डिरेक्टरीवर माउंट व्हायचं होतं, ती स्थानिक डिस्कवर रिकामी पडलेली असतेच. रात्री बॅकअपची स्क्रिप्ट रूट (सगळे हक्क असलेला यूजर) म्हणून चालते, तिला डिरेक्टरी सापडते आणि ती तिथेच लिहीत सुटते. सकाळी सिस्टमचं मुख्य (रूट) पार्टिशन गच्च भरलेलं, लॉग लिहायलाही जागा नाही. एव्हाना सर्व्हर परत आलेला असतो. कुणीतरी घाईने हातानं माउंट करतं आणि त्या सगळ्या फायली माउंटखाली झाकल्या जातात. मग डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) सांगतं डिस्क भरली आणि ‘डीयू -एक्स’ला (फायलींची जागा मोजणाऱ्या कमांडला) फायली सापडत नाहीत. लोक डिस्क खराब झाली म्हणून ती बदलायला निघतात! अशा वेळी ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ करा आणि /एमएनटीखाली तीच डिरेक्टरी उघडा. दडलेला ढीग समोर येईल.

हे होऊच नये म्हणून माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीवर ‘चॅटर +आय’ चालवून ठेवा. मग रूटलाही तिथे लिहिता येत नाही, माउंट मात्र नेहमीसारखं होतं. बॅकअप स्क्रिप्टची सुरुवात ‘माउंटपॉइंट -क्यू’ (इथे खरंच माउंट झालंय का?) या तपासणीनेच व्हावी. आणि मशिन जास्त असतील तर सरळ ऑटोएफएस (फोल्डर लागेल तेव्हाच माउंट करणारी सर्व्हिस) वापरा. सर्व्हर सापडला नाही तर तिथे एरर येते, आणि एरर आलेली केव्हाही बरी. एक-दोनच मशिन असतील तर एफएसटॅबमध्ये ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय पुरतो.

दुसरी चूक एका स्पेसची. सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये (कोणतं फोल्डर कुणाला द्यायचं त्या यादीत) ‘१९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू)’, म्हणजे या नेटवर्कला वाचण्या-लिहिण्याची परवानगी, हे सलग लिहायचं असतं. कंसाआधी स्पेस पडली की अर्थ उलटतो: तुमच्या नेटवर्कला डीफॉल्ट, म्हणजे फक्त वाचण्याची परवानगी, आणि बाकी साऱ्या जगाला लिहिण्याची. आपल्याच मशिनवरून लिहिता येईना म्हटल्यावर नवशिके ‘सीएचमॉड ७७७’ मारतात. त्याने काहीच सुटत नाही, उलट फोल्डर सगळ्यांना मोकळं होतं. फाइल बदलल्यावर ‘एक्स्पोर्टएफएस -आरए’ आणि लगेच ‘एक्स्पोर्टएफएस -व्ही’ चालवून सर्व्हरला काय समजलं ते वाचा.

तेही बरोबर असेल तर यूआयडी, म्हणजे यूजरचा क्रमांक, बघा. साध्या एनएफएसमध्ये हक्क ठरतात ते आकड्यावर. एकीकडे १००१ आणि दुसरीकडे १००३ असलेला एकाच नावाचा यूजर सर्व्हरच्या लेखी दोन वेगळी माणसं. दोन्हीकडे ‘आयडी’ चालवून आकडे जुळवा. त्याऐवजी ‘नो_रूट_स्क्वॉश’ लावणं (बाहेरच्या मशिनच्या रूटला सर्व्हरच्या फोल्डरवरही रूटचे हक्क देणं) हा आळस आहे, आणि धोकादायक आळस आहे.

लिहिण्याच्या शेअरवर माउंटचा ‘सॉफ्ट’ पर्याय (उत्तर आलं नाही तर काही वेळाने प्रयत्न सोडणारा) लावू नका. सर्व्हर मंदावला की अर्धवट लिहिलेल्या फायली मागे राहू शकतात. ‘हार्ड’ने (सर्व्हर येईपर्यंत वाट बघणाऱ्या पर्यायाने) मशिन अडकतं ही भीती जुनी आहे, कर्नल २.६.२५ पासून अडकलेली प्रोसेस ‘किल -९’ने मारता येते.

ऑटोएफएसची डिरेक्टरी ‘एलएस’ला रिकामी दिसली तर बिघाड समजू नका, आतल्या फोल्डरचं पूर्ण नाव देऊन ‘सीडी’ करा. तिथे ‘एमकेडीआयआर’ करायला जाऊ नका. /होम पूर्ण ऑटोएफएसकडे दिलंत तर स्थानिक यूजरची घरं झाकली जातील.

मॅप फाइलला (कोणतं फोल्डर कुठे माउंट करायचं त्या ऑटोएफएसच्या यादीला) एक्झिक्यूट परवानगी देऊ नका. ऑटोएफएस तिला प्रोग्रॅम समजून चालवायला जातं आणि एकही माउंट होत नाही. ‘सीएचमॉड ६४४’ करा. तरीही अडलं तर सर्व्हिस थांबवून ‘ऑटोमाउंट -एफ -व्ही’ चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून ‘सीडी’ करून बघा, बिघाडाचं कारण पडद्यावरच छापलं जातं.